हुपरीकरांची मेणाची कॉइल

डॉक्टर दिगंबर हुपरीकरांना अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी 'हाउ आर यू' हा प्रश्न आहे असंच ते समजत. कॉरिडॉरमध्ये समोरून येणाऱ्या कोणी सवयीनं हे विचारलं, की हुपरीकर थांबत. चष्मा काढत. आपण खरोखर कसे आहोत याचा विचार करत. तोवर विचारणारा कॉफीच्या मशीनपर्यंत पोचलेला असे. मग हुपरीकर त्याच्या मागे जाऊन सांगत, "मघाशी तू विचारलंस ना? डावा गुडघा जरा दुखतोय. बाकीचं अजून नक्की सांगता येत नाही." त्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा जो गोंधळ उमटे, तोच पुढं माझ्या चेहऱ्यावर कायमचा मुक्कामाला आला. कारण मी हुपरीकरांचा असिस्टंट होतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. ओहायोत, कोलंबस शहराच्या बाहेर, आमची कंपनी हॉस्पिटलांतल्या एमआरआय मशीनसाठी मॅग्नेट बनवायची. मी राहायचो जवळच्या डब्लिन गावात. माझे सासरे शेवटपर्यंत मला पत्रातून आयर्लंडच्या हवेबद्दल विचारत राहिले, आणि खुलासा करायचा कंटाळा म्हणून मीही त्यांना आयर्लंडची हवा कळवत राहिलो. म्हणजे गोंधळ सगळाच हुपरीकरांमुळं झाला असं म्हणता येणार नाही. काही भांडवल मी घरूनच आणलं होतं.

इंटरव्ह्यूला त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "सुपरकंडक्टिंग तारेतून वीज जाताना विरोध शून्य असतो. मग ती तापते कशी?"

मी नुकताच डिग्री घेऊन बाहेर पडलो होतो, त्यामुळं मला सगळं येत होतं. मी बोललो. फळ्यावर दोन समीकरणं लिहिली, त्यातलं एक पुसलं, परत लिहिलं. हुपरीकर डोळे मिटून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "इतक्या आत्मविश्वासानं इतकं चुकलेलं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. सोमवारी ये."

"सर, मग बरोबर उत्तर काय?"

"ते कळलं असतं तर माणूस कशाला घेतला असता?"

पहिल्याच दिवशी त्यांनी संबोधनाचा नियम घालून दिला. "ऑफिसात इथली माणसं मला डिग म्हणतात, तूही म्हण. घरी काका म्हण. आणि मॅग्नेट चालू असताना काहीच म्हणू नकोस."

आता थोडं शास्त्र सहन करा. मी ते पगार घेऊन सहन केलं आहे. काही विशिष्ट धातूंची तार द्रवरूप हेलियमच्या भयंकर गारठ्यात बुडवली की तिच्यातून प्रचंड वीज जाते आणि ती जराही तापत नाही. अशा तारेचे वेढ्यांवर वेढे गुंडाळले की झाली कॉइल. गोम अशी, की वीज सुरू झाल्यावर मॅग्नेट आपल्याच वेढ्यांना जोरानं बाहेर ढकलतो. त्या रेट्यानं एखादा वेढा केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकला, तरी शेजारच्या वेढ्याशी घासून चिमूटभर उष्णता निघते. एरवी तिला कोणी विचारलं नसतं. पण त्या गारठ्यात तेवढ्यानंच तारेची ती जागा बिघडते, साध्या तारेसारखी तापायला लागते, शेजारणीला तापवते, आणि बघता बघता सगळी कॉइल तापून उठते. हेलियम उकळून छताकडच्या नळीतून पांढऱ्या लोटांनी गर्जना करत बाहेर पडतं. याला इंग्रजीत क्वेंच म्हणतात. आम्ही दोघं म्हणायचो, 'बसला.'

मग वेढे सरकू नयेत म्हणून काय करायचं? घट्ट गुंडाळायचे, असं मला वाटे. सोमवारी हुपरीकर येऊन म्हणत, "ताण वाढव." मी गुंडाळायच्या मशीनवर तारेचा ताण वाढवी. गुरुवारी येऊन म्हणत, "इतका ताण कोणी सांगितला?" मी म्हणे, "तुम्हीच." ते म्हणत, "मी सोमवारी सांगितला. आज गुरुवार आहे." पुढं कधीतरी उलगडा होई, की तार ज्यावर गुंडाळायची ते सोमवारचं रीळ स्टीलचं होतं आणि गुरुवारचं अॅल्युमिनियमचं, थंडीत दोन्ही वेगवेगळं आकसतात, तेव्हा इथं घट्ट वाटलेलं तिथं सैल पडू शकतं. हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर? पण आपल्याला दिसतं ते समोरच्यालाही दिसतच असणार, हा त्यांचा एक अत्यंत अपमानकारक असा विश्वास होता.

एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो असताना मी धीर करून म्हटलं, "काका, मला हे घट्ट-सैल एकदा नीट समजवा."

ते उठले ते थेट स्वयंपाकघरात. मालतीकाकू पोळ्या करत होत्या. काकांनी त्यांचा डावा हात धरून वर केला. "ह्या बांगड्या बघ. सैल आहेत म्हणून सरकतात. सरकतात म्हणून वाजतात. वाजतात म्हणजे घासतात. घासतात म्हणजे तापतात. आता ह्या घट्ट भरल्या असत्या तर?"

"तर सरकल्या नसत्या," मी म्हणालो.

"तर हात सुजल्यावर फुटल्या असत्या. फुटण्यातही उष्णता निघते. कळलं?"

"म्हणजे घट्ट हवं की सैल?"

"माझा हात सोडायला हवा," मालतीकाकू म्हणाल्या. "पोळी करपली."

काकांनी पोळी उचलून उजेडात धरली. तिला एकाच ठिकाणी काळा डाग पडला होता. "एकाच ठिकाणी!" ते एवढ्या आनंदानं म्हणाले, की ती करपवण्यासाठीच आपण आत आलो होतो असं वाटावं. ती पोळी अर्थात मला वाढण्यात आली.

हुपरीकरांची दुसरी खोड ऐकण्याची. मॅग्नेटच्या टाकीला ते कान लावत. म्हणजे टाकीच्या अंगाला एक बारीकसा सेन्सर चिकटवून शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसत. वीज हळूहळू वाढवली, की आतून तडतड ऐकू येई. ते डोळे मिटून सांगत, "ही तार सरकली... हे फटींतलं भरण तडकलं... ही परत तारच." मीही तो हेडफोन लावून खूप वेळ ऐकलं आहे. मला दर वेळी फोडणीत मोहरी पडल्यासारखंच वाटलं आणि भूक लागली.

त्या भुकेतूनच एक प्रसंग घडला. मी डबा घेऊन टाकीजवळ बसलो होतो. टाकीतलं काम सुरू होतं, काका शेजारच्या खोलीत ऐकत होते. बायकोनं दिलेल्या अॅल्युमिनियमच्या डब्याचं झाकण अडकलं. अशा वेळी आपण जे करतो तेच मी केलं. डबा तिरका धरून समोरच्या कडेवर दणकन ठोकला. समोरची कड टाकीची होती.

आतून एक किंकाळी आली. ती मॅग्नेटची नव्हती. काकांनी वीज अतिशय सावकाश खाली आणली, हेडफोन काढला आणि पांढरेफटक होऊन बाहेर आले. माझ्या हातातला डबा पाहिला. झाकण अजून अडकलेलंच होतं.

आता हाकलतात, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "डबा आणलायस?"

"आणलाय. पण मी आता बाहेर बाकावर..."

"काल कुठं ठोकलास? तिथंच परत ठोक. तितक्याच जोरात."

मी ठोकला. ते आत गेले, ऐकलं, बाहेर आले. "आता पलीकडच्या बाजूला." सबंध सकाळ मी त्या टाकीभोवती डबा ठोकत प्रदक्षिणा घालत होतो आणि ते कागदावर खुणा करत होते. आवाज टाकीच्या कुठल्या बाजूनं येतो हे सेन्सरवरून ओळखायला ते तेव्हापासून शिकले. माझ्या हातून आजवर झालेल्या चुकांपैकी शास्त्राच्या उपयोगी पडलेली ती एकच. डबा मात्र कायमचा पोचला, आणि त्याबद्दल बायकोला काय सांगावं हे शास्त्रात नव्हतं.

पण खरा विषय मेणाचा.

वेढ्यांमधल्या बारीक फटी कशानं तरी भराव्या लागतात. आमची कंपनी रेझिन भरायची. ते सुकलं की दगडासारखं कडक होतं. हुपरीकरांचं म्हणणं, कडक आहे हाच त्याचा दोष. ते बराच वेळ ताण सोसत राहतं आणि मग एकदम मोठी भेग जाते. त्या भेगेतून निघणारी उष्णता मॅग्नेटला बसवते. त्याऐवजी मेण भरा. "मेण लवकर हार मानतं," ते म्हणत. "थोड्या ताणानं थोडंसं तडकतं, लगेच गप्प बसतं. भांडण वाढत नाही."

आमचा मॅनेजर वॉल्टर भला माणूस होता. त्याला मेण पटत नव्हतं, आणि त्याची कारणंही काही वेडगळ नव्हती. "डिग, हा मॅग्नेट जुलैत ट्रकमधून अॅरिझोनाला गेला तर? तिथं पोचेल तो मॅग्नेट की मेणबत्ती?" शेवटी पुष्कळ वादानंतर त्यानं एक कॉइल मेणात करायला परवानगी दिली. ती पूर्ण ताकदीला पोचली तर हुपरीकरांचा मेणाचा विभाग चालू राहणार. नाही पोचली तर मेण बंद, विभाग बंद, पुढं सगळं रेझिनमध्ये. मेणावर काकांनी पाच-सहा वर्षं घालवली होती. त्यांचं आणखी काही काम आहे हे आम्हाला कोणाला ठाऊकच नव्हतं; बहुधा त्यांनाही नव्हतं.

ती कॉइल अर्धीअधिक गुंडाळून झाली आणि खंडेनवमी आली.

हुपरीकरांच्या घरी चांदीकामाची परंपरा. त्यांच्या वडिलांच्या पेढीत त्या दिवशी तार ओढायच्या पट्ट्या, सांडशी, हातोड्या सगळ्यांची पूजा होई. काका देवभोळे नव्हते. देव आहे का, असं विचारलं तर तेही 'नक्की सांगता येत नाही' याच यादीत होतं. पण खंडेनवमीला हत्यारांना फूल वाहिल्याशिवाय ते हात लावत नसत. म्हणून आम्ही दोघांनी सकाळी लवकर जाऊन गुंडाळायच्या मशीनची पूजा केली. त्यांनी मशीनच्या पायाला हळदकुंकवाचं एकच बोट लावलं आणि झेंडूऐवजी मालतीकाकूंच्या बागेतलं एक पिवळं फूल ठेवलं. नेमस्त माणूस. मग नमस्कारासाठी डोळे मिटले.

माझ्या खिशात बायकोनं पुडी बांधून दिली होती. अक्षता. आता पूजा म्हटल्यावर अक्षता नकोत का? मी मंगलकार्यातल्या सवयीनं, मागच्या रांगेतून नवरा-नवरीच्या डोक्यापर्यंत पोचाव्यात अशा बेतानं, मूठभर अक्षता उधळल्या. त्या मशीनवर पडल्या. मशीनवर कॉइल होती.

काकांनी डोळे उघडले. तांदळाचे दाणे तारांवर उड्या मारत होते.

"अरे, हे काय केलंस?"

"अक्षता, काका."

"किती टाकल्यास?"

"काका, अक्षता कोणी मोजून टाकतं का?"

त्या दिवशी आम्ही वरचे वेढे परत सोडवले. काका चिमट्यानं एकेक दाणा उचलून डाव्या तळहातावर ठेवत होते आणि मी टॉर्च धरून रामरक्षा आठवायचा प्रयत्न करत होतो. संध्याकाळी त्यांच्या तळहातावर लालसर तांदळांचा छोटा ढीग झाला. "झाले ना सगळे?" मी विचारलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. खालच्या थरांच्या फटीत एखादा घरंगळला असेल तर तो बघायला सगळी कॉइल सोडवावी लागली असती, आणि सोडवून परत गुंडाळलेली तार पहिल्यासारखी राहत नाही. दाणा राहिला असेल, तर तिथं वेढ्याखाली आधार नीट नसणार, वेढा सरकणार, तापणार. नसेल, तर काहीच नाही.

मी ठरवलं होतं, हे आपल्या दोघांत राहावं. माझं ग्रीन कार्ड कंपनीतर्फे चाललं होतं आणि त्या अर्जात 'तांदूळ' हा शब्द यावा अशी माझी इच्छा नव्हती. पण त्याच आठवड्याच्या मीटिंगमध्ये, कोणी विचारलं नसताना, काकांनी जाहीर केलं, "माझ्या कॉइलमध्ये कदाचित तांदळाचा एक दाणा असेल."

वॉल्टरनं बराच विचार करून विचारलं, "शिजवलेला?"

"नाही, कच्चा. कुंकू लावलेला. आम्ही मशीनची पूजा केली."

वॉल्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ओहायो होतं, त्यामुळं पाहण्यासारखं फार नव्हतं.

पुढं मेण भरून झालं आणि कॉइल टाकीत उतरली. पहिल्यांदा वीज चढवली, ती निम्म्यावर बसली. यात वावगं काही नव्हतं. नवी कॉइल अशी बसत बसतच वर जाते. जे वेढे सरकायचे ते सरकून पक्के होतात आणि पुढच्या वेळी ती जास्त सोसते. तशी ती वर गेलीही. काका हेडफोनखाली हसायला लागले होते. आणि मग ती अडली. पूर्ण ताकदीच्या थोडं अलीकडं, दर वेळी त्याच आकड्याला यायची आणि बसायची. हेलियमची गर्जना व्हायची, पांढरे लोट निघायचे आणि काका हेडफोन काढून त्याच्याकडं नुसते बघत राहायचे.

"आवाज एकाच बाजूनं येतोय," ते म्हणाले. "पूर्वेकडच्या."

"म्हणजे काका, दाणाच!"

"त्या बाजूला तारेचा जोड आहे. तो कच्चा असू शकेल. मेणही त्याच बाजूला शेवटी पोचलं. तिथं पोकळी राहिली असेल. आणि अक्षता टाकताना तूही त्याच बाजूला उभा होतास."

"मग नक्की काय?"

त्यांनी माझ्याकडं अशा कुतूहलानं पाहिलं, की जणू त्यांना न सुचलेला प्रश्न मी विचारला होता.

वॉल्टरनं आम्हाला खोलीत बोलावलं. दार स्वतः लावून घेतलं, म्हणजे तो मदत करणार होता. "डिग, ही कॉइल ज्या हॉस्पिटलला जायची होती, तिथल्या माणसांना मला काहीतरी कारण द्यायचंय. तू एवढंच म्हण, की तांदळामुळं झालं. बाहेरची वस्तू आत पडली, अपघात झाला, मेणाचा दोष नाही. मी तुला आजच दुसरी मेणाची कॉइल मंजूर करतो. कोणाची नोकरी जाणार नाही." हे शेवटचं तो माझ्याकडं बघून म्हणाला.

मी तर हातच वर केला. "तांदूळच होता! मीच टाकला! मूठभर!" आयुष्यात एवढ्या उत्साहानं मी गुन्हा कबूल केला नव्हता.

"तू गप्प बस," काका मराठीत म्हणाले. "तू टाकलास एवढंच तुला माहीत आहे. तो तिथं आहे हे तुला माहीत नाही." मग चष्मा काढून त्यांनी खूप वेळ विचार केला. वॉल्टर थांबला. एवढ्या वर्षांत तो थांबायला शिकला होता.

"मला माहीत नाही, वॉल्ट," काका शेवटी म्हणाले. "तांदूळ असेल. मेण असेल. जोड असेल. मला ती कॉइल कापून बघू दे."

"आणि कापून दाणा सापडला नाही तर? मग मला मेण असंच समजावं लागेल. विभाग बंद करावा लागेल. त्यापेक्षा आत्ता 'हो' म्हण आणि कापू नकोस."

"बघितल्याशिवाय कसं म्हणू?"

त्या रविवारी त्यांच्याकडं जेवायला होतो. त्यांची मुलगी नीलू कॉलेजातून सुट्टीला आली होती. ती ओहायोतच जन्मलेली. मराठी समजायची, उत्तर इंग्रजीत द्यायची. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "बाबा, जस्ट से इट वॉज द राइस! हू केअर्स?"

"अगं, पण नसला तर?"

"देन नोबडी विल एव्हर नो!"

"तेच तर," काका म्हणाले. "मग कोणालाच कधी कळणार नाही."

नीलूनं कपाळाला हात लावला. मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही तरी सांगा. नुसतं 'हो' म्हणायचंय."

"कोणाला सांगू? मला बघायला आले तेव्हा वडिलांनी ह्यांना विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर म्हणाले, विचार करून सांगतो."

"मग?"

"मग काय? माझ्या वडिलांनी तोच होकार धरला आणि मुहूर्त काढला. ह्यांचा विचार अजून चालूच असेल." त्यांनी काकांच्या ताटात भात वाढला. काकांनी एक शीत बोटावर घेतलं, दाबून चपटं केलं आणि बघत बसले. "जेवा आता," काकू म्हणाल्या. "हे शिजवलेलं आहे."

कॉइल कापायच्या दिवशी मी सकाळपासून मनात घोकत होतो, दाणा नसू दे, नसू दे. ग्रीन कार्डाचा अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावरच होता. शेजारी काका करवतीची पट्टी तपासत उभे होते आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच काहीतरी पुटपुटताना पाहिलं. ते काय पुटपुटत होते हे मला थोड्या वेळानं उमगलं. दाणा सापडला तर त्यांचं मेण निर्दोष सुटणार होतं. म्हणजे एकाच कॉइलपुढं उभं राहून आम्ही दोघं दोन विरुद्ध नवस बोलत होतो. हे लक्षात आल्यावर माझा नवस मध्येच लटपटला. मग मी अर्ध्यावरून बदलून तो 'असू दे' असा केला. ज्याच्यापर्यंत हे पोचत होतं तोही बुचकळ्यात पडला असणार.

करवत पूर्वेकडच्या बाजूनं आत शिरली. मेणाचा गोडसर वास सुटला. पांढरा भुगा आमच्या बुटांवर साचला. दोन अर्ध्या कड्या वेगळ्या झाल्या तेव्हा कापलेल्या तोंडावर तारांचे तांबूस ठिपके ओळीनं चमकत होते, मधल्या फटींत मेण. इतकं नीटनेटकं, की माझ्यासारख्या आडदांडाचा त्या कामात हात होता यावर कोणी विश्वास ठेवला नसता. काकांनी भिंग घेऊन एकेक ओळ पाहिली. मग पलीकडच्या तोंडाची. मग परत पहिल्या तोंडाची.

पोकळी नव्हती. जोड ठीक दिसत होता. दाणा नव्हता.

"कापाच्या बोटभर अलीकडं असेल," मी म्हणालो. "काका, बोटभर पलीकडं असेल!" मला स्वतःच्याच आवाजाचं आश्चर्य वाटलं. मी त्या दाण्यासाठी भांडत होतो.

"असेल," काका म्हणाले. "नसेलही."

वॉल्टरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आय अॅम सॉरी, डिग. मला मेण असंच लिहावं लागेल."

"लिही," काका म्हणाले. "पण तुलाही माहीत नाही, एवढं लक्षात ठेव."

वॉल्टरनं मान हलवली. त्याला ते पटलं होतं असं मला वाटतं. पण मॅनेजरला त्या मानेचा काही उपयोग नसतो.

मेणाच्या कढया उचलून नेल्या. त्या जागी रेझिन मिसळायचं यंत्र आलं. काकांना तिथंच काम देऊ केलं होतं. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं, आणि या खेपेला खरोखरच विचार करून नाही म्हटलं. टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका कॉलेजात त्यांना छोटीशी प्रयोगशाळा मिळाली. निरोपाच्या वेळी कंपनी सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायची. काकांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि कापलेली कॉइल मागितली. भंगाराची गाडी बोलवायचं वाचलं म्हणून कंपनीनं ती आनंदानं दिली.

ते निघाले त्या दिवशी मी सामान भरायला गेलो होतो. जुलैचं ऊन होतं. त्यांची जुनी स्टेशनवॅगन पुस्तकांनी आणि भांड्यांनी भरली होती. एक अर्धी कडी मागं गेली. दुसरीला जागा उरली नव्हती, म्हणून ती आम्ही दोघांनी मिळून उचलली आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवली. काकांनी तिला पट्टा लावला. पट्टा ओढून, घट्ट बसला ना बघितला, मग बोटभर सैल केला.

मालतीकाकू मागच्या सीटवर लोणच्याच्या बरण्यांमध्ये अंग चोरून बसल्या. "बघ रे सुहास," त्या मला म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, आणि आता पुढं बसायचा मान हिचा."

"काका, हिचं करणार काय तुम्ही?"

"टेक्सासला ऊन चांगलं असतं म्हणे. अंगणात ठेवीन. मेण मऊ झालं की तारा सुट्या होतील. एकेक काढून बघेन." मग कडीवर हात ठेवून म्हणाले, "रेझिन असतं तर हे जमलं नसतं. तेवढं नक्की सांगता येईल."

त्यांच्या तोंडून 'नक्की' हा शब्द असा मी पहिल्यांदा ऐकला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हाउ आर यू, काका?" का म्हणालो, देव जाणे. ते गाडीत बसता बसता थांबले आणि चष्म्याकडं त्यांचा हात गेला. काकू मागून ओरडल्या, "अहो, तिथं पोचल्यावर फोन करून सांगा त्याला! चला आता!"

गाडी निघाली. मी फुटपाथवर उभा राहून हात हलवत होतो. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता, ती थांबली. सिग्नल हिरवा झाला. गाडी हलेना. मागं एक गाडी येऊन थांबली, मग दुसरी. ओहायोतली माणसं सोशिक, पण तीही किती वेळ थांबणार? एकानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं जोरात दिला. बंद पडली की काय म्हणून मी धावत निघालो. जवळ पोचलो तर मागच्या काचेतून दिसलं, मालतीकाकू पुढं झुकून काकांच्या खांद्याला हलवत होत्या. आणि काका स्टिअरिंग सोडून शेजारच्या सीटकडं वाकले होते. त्या बाजूनं ऊन नेमकं आत येत होतं, आणि कापलेल्या तोंडावरचं मेण त्यांनी नखानं हळूच, अगदी हळूच बाजूला करायला घेतलं होतं.